दुसरा वाचक : चाकसूच्या चिठ्ठ्या, मराठी दफ्तर आणि नोकरशाहीची साहित्यरूपे

१. प्रश्नाची मांडणी

कचेरी हा भारतीय भाषांतील साहित्याचा जुना विषय आहे. मराठीत कुलकर्णी, कारकून, मामलेदार, शिरस्तेदार, कलेक्टर आणि अलीकडचा सचिव अशी पात्रांची एक लांबलचक रांग उभी राहते. या साहित्याकडे मराठी समीक्षेने बहुतांशी व्यक्तिचित्रणाच्या अंगाने पाहिले आहे. लाचखाऊ अधिकारी आणि त्याच्या विरोधात उभा राहणारा सचोटीचा अधिकारी ही जोडी गृहीत धरली, की कलाकृतीचे मूल्यमापन या दोहोंपैकी कोणाचे चित्र अधिक प्रत्ययकारी झाले आहे एवढ्यावर येऊन थांबते. या पद्धतीत नोकरशाहीचा प्रश्न हा व्यक्तीच्या नीतीचा प्रश्न बनतो, आणि तिच्यावरील अंकुशाचे उत्तरही एखाद्या सज्जन माणसाच्या आगमनात शोधले जाते.

तथापि नोकरशाही ही माणसांची व्यवस्था आहे, तितकीच ती कागदांची व्यवस्था आहे. अर्ज, जबानी, पंचनामा, हजेरीपट, ताळेबंद, शेरा आणि नक्कल ही तिची रूपे आहेत, आणि ती लेखनाची रूपे असल्यामुळे साहित्याच्या अभ्यासकाच्या कक्षेत येतात. हा कागद कोण लिहितो, तो कोणाला उद्देशून असतो आणि लिहिणाऱ्याखेरीज तो आणखी कोण वाचू शकतो, या प्रश्नांतून नोकरशाहीच्या चालीचा उलगडा अधिक नेमकेपणाने होतो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य असे, की नोकरशाहीला वेसण बसते ती ‘दुसऱ्या वाचका’मुळे. कागद ज्याच्या हातून निर्माण झाला त्याच्याहून वेगळा आणि तो पडताळून पाहण्याचा अधिकार असलेला जो वाचक, त्याला येथे दुसरा वाचक म्हटले आहे. असा वाचक खरोखर अंकुश ठरण्यासाठी तीन अटी पूर्ण व्हाव्या लागतात. तो लिहिणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून नसावा. पडताळ्यासाठी त्याच्याजवळ दुसरा कागद किंवा स्वतःचा अनुभव असावा. आणि त्याच्या वाचनाला परिणाम असावा. या तीन अटींच्या आधारे राजस्थानातील चाकसू परगण्याचे अठराव्या शतकातील कागद, मराठी दफ्तर, जोतीराव फुले यांचे गद्य आणि आधुनिक हिंदी-मराठी कथात्म साहित्य यांचा येथे एकत्र विचार केला आहे.

२. चाकसू : चिठ्ठीची घडण

चाकसू हे जयपूरच्या दक्षिणेस, टोंकच्या रस्त्यावर सुमारे ४० किलोमीटर अंतरावर असलेले तहसिलीचे गाव. सर्वसामान्यांना ते शील की डूंगरीवरील शीतलामातेच्या जत्रेमुळे माहीत असते. इतिहासाच्या अभ्यासकांना ते जुन्या कागदांतील ‘चाटसू’ या नावाने अधिक परिचित आहे. जयपूर राज्याच्या परगण्यांचे जे कागद बीकानेर येथील राजस्थान राज्य अभिलेखागारात जतन झाले आहेत, त्यांत चाटसू परगण्याच्या कागदांना महत्त्वाचे स्थान आहे. सतीशचंद्र, एस. पी. गुप्ता आणि दिलबाग सिंग यांच्यासारख्या इतिहासकारांनी पूर्व राजस्थानच्या शेतीव्यवस्थेचे जे चित्र उभे केले, त्याच्या आधारांत या कागदांचा समावेश होतो. गुप्ता यांचा ग्रंथ १९८६ मध्ये, तर दिलबाग सिंग यांचा १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. या अभ्यासाचा रोख साहजिकच शेतसारा, पिके, भाव आणि गावातील स्तर यांवर होता. कागदांच्या वाङ्मयीन घडणीकडे पाहण्याचे काम साहित्याच्या अभ्यासकांसाठी शिल्लक राहिले आहे.

या कागदांचे तीन प्रकार येथे महत्त्वाचे आहेत. ‘अडसट्टा’ म्हणजे परगण्याच्या जमाखर्चाचा तपशीलवार ताळेबंद. ‘अर्जदास्त’ म्हणजे परगण्यातील अधिकाऱ्याने आमेरच्या, पुढे जयपूरच्या राजाला पाठविलेले निवेदन. आमेरचे राजे मोगलांच्या चाकरीत दीर्घकाळ दूर असत, हे या प्रकाराच्या वाढीचे एक कारण. तिसरा प्रकार ‘चिठ्ठी’. दिवाणाने परगण्याच्या आमिलाला लिहिलेले हे आज्ञापत्र असते. आमिल हा राज्याने नेमलेला वसुली अधिकारी. त्याच्या भोवती फौजदार, तसेच परगण्यात वंशपरंपरेने स्थिर असलेले कानूनगो आणि चौधरी, आणि गावपातळीवर पटेल व पटवारी असत.

चिठ्ठीची रचना लक्षपूर्वक पाहण्याजोगी आहे. आरंभी आमिलाचा निर्देश येतो. त्यानंतर अमुक गावच्या पटेलाने वा रयतेने हुजुरात येऊन तक्रार केल्याचे सांगितले जाते, आणि तिचा आशय परोक्ष कथनात दिला जातो. तक्रारी ठरावीक वळणाच्या असतात. रिवाजापेक्षा अधिक वसुली झाली, वेठ घेतली गेली, किंवा पटेलाने आपला वाटा गरीब कुळांवर ढकलला. शेवटी आज्ञा येते : चौकशी करावी, पूर्वापार दस्तुराप्रमाणे वागावे, रयतेला पुन्हा तक्रारीला जागा ठेवू नये. अशा रीतीने एका छोट्या कागदात तीन आवाज एकात एक बसविलेले असतात. बोलणारा दिवाण असतो आणि ऐकणारा आमिल. ज्याच्याविषयी बोलणे चालू आहे तो शेतकरी मात्र उपवाक्यात असतो.

या उपवाक्याचे मोल कमी लेखता येणार नाही. ज्याला अक्षर येत नाही त्याचे म्हणणे, त्याच्यावर अंमल चालविणाऱ्या अधिकाऱ्याला, त्याच्याहून वरच्या अधिकाऱ्याच्या लेखणीतून ऐकावे लागते. आमिलाच्या अडसट्ट्यात जी रक्कम जमेच्या बाजूला निर्विकारपणे बसलेली असते, तिच्याविषयी चिठ्ठीत कोणीतरी हरकत घेतलेली असते. दोन कागद एकमेकांसमोर ठेवले, की ताळेबंदाची निर्विकारता संपते. दुसऱ्या वाचकाची पहिली अट येथे पूर्ण होते, कारण दिवाण हा आमिलाच्या मर्जीवर नसतो.

दुसऱ्या अटीपाशी मात्र चिठ्ठी अडखळते. दिवाणाजवळ रयतेची तोंडी तक्रार असते, पण स्थानिक सत्य ठरविण्यासाठी त्याला पुन्हा परगण्याकडेच वळावे लागते, आणि ज्या आमिलाविषयी तक्रार आहे त्यालाच अनेकदा चौकशीची आज्ञा होते. कानूनगोजवळ जुन्या दरांच्या आणि रिवाजांच्या नोंदी असत, त्यामुळे तो आमिलाला तोलून धरू शकत असे. पण त्याचे स्वतःचे हितसंबंधही त्याच परगण्यात रुजलेले असत. मग चिठ्ठीला धार कोठून येत होती? तिचे उत्तर कागदाबाहेर आहे. छळाला कंटाळलेली कुळे गाव सोडून जात, आणि गाव ओस पडले तर जमेची बाजूच कोसळे. परागंदा रयतेला दिलासा देऊन परत वसविण्याचे आदेश चिठ्ठ्यांत येतात, ते या भीतीपोटी. शेतकऱ्याची पाऊलवाट हा दिवाणाच्या लेखणीचा खरा आधार होता.

मराठी वाचकाला या संदर्भात आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. सवाई जयसिंग १७४३ मध्ये वारल्यानंतर जयपूरच्या वारसाहक्काच्या तंट्यात होळकर आणि शिंदे उतरले, आणि त्यांच्या मागण्यांचा भार त्या राज्याच्या खजिन्यावर पडत गेला. मराठी राजकीय पत्रव्यवहारात जयपूरचा उल्लेख मुख्यतः ठरलेली, थकलेली आणि वसूल व्हावयाची रक्कम म्हणून येतो. ती रक्कम शेवटी कोणत्या तरी परगण्यातील कोणत्या तरी कुळांकडून उभी राहणार होती. याची जाणीव मराठी पत्रांच्या शैलीत उमटत नाही, कारण त्या पत्रांना तेथील रयतेच्या बाजूने वाचणारा कोणी नव्हता. एकाच वास्तवाविषयी दोन भाषांतील दोन दफ्तरे काय बोलतात आणि काय बोलत नाहीत, हा तौलनिक साहित्याचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर मराठी बाजूला नेहमीच सुखावह असेल असे नाही.

३. मराठी दफ्तर : परस्परांवरील पहारा

दुसरी अट, म्हणजे पडताळ्यासाठी दुसरा कागद, मराठी राज्यव्यवस्थेत अधिक जाणीवपूर्वक हाताळलेली दिसते. कृष्णाजी अनंत सभासदाने सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजी येथे लिहिलेल्या बखरीत किल्ल्यांच्या व्यवस्थेचे वर्णन आहे. हवालदार, सबनीस आणि सरनोबत हे तिघे समान प्रतीचे ठेवून कारभार तिघांच्या विचाराने चालवावा, अशी ती व्यवस्था होती. या तपशिलाकडे शिवकालीन दूरदृष्टीचा दाखला म्हणून पाहिले जाते. वाङ्मयीन दृष्टीने अधिक लक्षणीय बाब अशी, की सभासदाने अंकुशाचा विचार माणसाच्या गुणांवर सोडलेला नाही. हवालदार सज्जन असावा एवढे सांगून तो थांबत नाही. सज्जनपणा गृहीत न धरता चालेल अशी रचना तो नोंदवितो.

पेशवाईत हीच कल्पना दफ्तराच्या पातळीवर विस्तारली. कमाविसदाराच्या कचेरीत दिवाण, मुजुमदार, फडणीस, दफ्तरदार, पोतनीस, पोतदार, सभासद आणि चिटणीस असे दरकदार असत. फडणीस रोजकीर्द ठेवी, दफ्तरदार त्यावरून गोषवारे तयार करी, मुजुमदार हिशेब तपासून मान्य करी, पोतनीस शिलकेचा हिशेब राखी आणि चिटणीस पत्रव्यवहार पाही. हे दरक सामान्यतः वंशपरंपरागत असत आणि कमाविसदाराला दरकदार काढून टाकता येत नसे. याचा अर्थ, एकाच व्यवहाराचे निरनिराळ्या हातांनी लिहिलेले अनेक कागद कचेरीतच निर्माण होत. वर्षारंभीचा अजमास वा बेहेडा आणि वर्षअखेरची झडती यांची पुण्यास पडताळणी होई. पहिली आणि दुसरी या दोन्ही अटी येथे एकाच वेळी पूर्ण झाल्यासारख्या वाटतात.

परंतु या व्यवस्थेचा शेवट कसा झाला तेही त्याच दफ्तरातून कळते. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ साली पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात ‘दरबारखर्च’ आणि ‘अंतस्थ’ या रकमांचा उल्लेख येतो. कारभारी आणि हिशेब तपासणारे यांना गुपचूप द्यावयाच्या या रकमा हळूहळू ठराविक झाल्या आणि अखेर सरकारच्याच जमेत ओढल्या गेल्या. ‘अंतस्थ’ हा शब्द या दृष्टीने मोठा बोलका आहे. जे आत, दृष्टीआड राहावे, त्याचेच हिशेबातील एक सदर झाले. दुसरा वाचक विकत घेता येतो, आणि पुढे त्याची किंमत ताळेबंदात रीतसर लिहिताही येते, हे यावरून दिसते. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात महाल मक्त्याने देण्याची पद्धत बळावली तेव्हा तर पडताळ्यालाच अर्थ उरला नाही. मक्तेदाराने रक्कम आगाऊ मान्य केल्यावर ती कशी उभी केली हे वाचण्याची कोणाला गरज नव्हती.

यातून एक निष्कर्ष निघतो. परस्परांवर पहारा ठेवणारे सर्व वाचक कचेरीच्या आतलेच असतील, तर त्यांचा पहारा कालांतराने परस्परांशी तडजोड बनतो. चाकसूची चिठ्ठी दुबळी असली तरी तिच्यात तक्रार करणारा बाहेरचा माणूस होता. दरकदारांची व्यवस्था बळकट असली तरी तिच्या मूळ रचनेत त्याला वाचक म्हणून जागा नव्हती.

४. फुले : मध्ये उभा असलेला कारकून

इंग्रजी अंमलात दुसऱ्या वाचकाचे स्थान परक्या साहेबाकडे गेले. तो स्थानिक हितसंबंधांपासून अलिप्त होता, म्हणजे पहिली अट त्याने पूर्ण केली. पण तो ज्या कागदांवर हुकूम देत असे ते त्याला स्वतः वाचता येत नव्हते, किंवा वाचण्याची उसंत नव्हती. ही पोकळी प्रथम नेमकेपणाने दाखविली ती जोतीराव फुले यांनी. १८८३ मध्ये पूर्ण झालेला ‘शेतकऱ्याचा असूड’ हा ग्रंथ शेतकऱ्याच्या दारिद्र्याची मीमांसा म्हणून वाचला जातो. तो सरकारी वाचनव्यवहाराची मीमांसा म्हणूनही वाचता येतो.

फुले यांच्या मांडणीत निरक्षर शेतकरी आणि ऐषआरामी गोरा अधिकारी यांच्या मध्ये भटकामगार उभा असतो. शेतकऱ्याचे तोंडी म्हणणे अर्जात जाते तेव्हा ते त्याच्या हातून जाते, जबानी लिहिली जाते ती त्याच्याच लेखणीने, आणि साहेबापुढे कागद वाचून दाखविणाराही तोच वर्ग असतो. लेखक आणि वाचक या दोन्ही भूमिका एकाच जातीच्या हाती एकवटल्या, की दुसरा वाचक नावापुरता उरतो. फुले यांची टीका व्यक्तींच्या लबाडीवर बेतलेली वाटते, आणि तिचा सूर तसा आहेही. पण तिचे तर्कशास्त्र व्यक्तीपुरते नाही. कचेरीतील सर्व स्थाने एकाच समूहातून भरली जातात, तेव्हा त्यांतील कोणी भला निघाला तरी रचना बदलत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. म्हणूनच त्यांनी सुचविलेला उपाय अधिकाऱ्याच्या चांगुलपणाचा नाही. शेतकऱ्याच्या मुलांना शिक्षण मिळावे आणि त्यांच्यातून सरकारी कामगार तयार व्हावेत, म्हणजे वाचकांचा वर्गच बदलावा, असा तो उपाय आहे.

चाकसूच्या चिठ्ठीत शेतकरी उपवाक्यात होता. फुले यांच्या गद्यात तो वाक्याचा कर्ता होतो आणि ज्या कागदांनी त्याला गाडले त्यांचा वाचकही होऊ पाहतो. मराठी गद्यातील हे स्थित्यंतर शैलीच्या इतिहासात अद्याप पुरेसे नोंदले गेलेले नाही.

५. कथात्म साहित्य : उघडलेले पत्र आणि न मिळालेली नक्कल

आधुनिक कथात्म साहित्यात कागदाच्या वाचनाचे प्रसंग वारंवार मर्मस्थानी येतात. निकोलाय गोगोलच्या १८३६ मधील तपासनिसावरील नाटकात तोतयाचे बिंग फुटते ते पोस्टमास्तरने दुसऱ्याचे पत्र फोडून सर्वांसमोर वाचल्यामुळे. जमलेल्या अधिकाऱ्यांना स्वतःविषयीचे वर्णन एकमेकांच्या देखत ऐकावे लागते, हा त्या नाटकातील सर्वात बोचरा क्षण आहे. पु. ल. देशपांडे यांनी १९५२ मध्ये या नाटकाचे ‘अंमलदार’ हे मराठी रूपांतर केले. मराठी समीक्षेने त्याच्या विनोदाची भरपूर दखल घेतली. गोगोलच्या मूळ नाटकातील पत्रवाचनाच्या प्रसंगात दडलेला प्रश्न मात्र दुर्लक्षित राहिला. सत्य उघड होते ते चोरून केलेल्या वाचनातून, कारण अधिकाराने वाचणारा कोणीच नाही. खरा तपासनीस येतो तेव्हा पडदा पडत असतो.

हिंदीत हरिशंकर परसाई यांची ‘भोलाराम का जीव’ ही कथा या प्रश्नाला कल्पिताचे टोक देते. मेलेल्या माणसाचा जीव यमदूताला सापडत नाही, कारण तो पेन्शनच्या प्रलंबित कागदांत अडकून बसला आहे. नारदालाही फायलीवर ‘वजन’ ठेवावे लागते. कागद माणसाची नोंद ठेवतो ही रीत येथे उलटी होते : कागद निकालात निघाल्याशिवाय माणसाचे मरणही पुरे होत नाही.

या मालिकेतील सर्वात अर्थपूर्ण पात्र मात्र श्रीलाल शुक्ल यांच्या ‘राग दरबारी’ (१९६८) या कादंबरीतील लंगड हे आहे. त्याला तहसिलीतून एका कागदाची नक्कल हवी आहे. देण्याघेण्याच्या रकमेवरून कारकुनाशी बिनसल्यावर लंगड लाच न देता नक्कल मिळविण्याची प्रतिज्ञा करतो, आणि कारकूनही नियमाप्रमाणेच काम करण्याचे व्रत घेतो. या सत्त्वशील लढाईत अर्ज कधी या त्रुटीसाठी, कधी त्या त्रुटीसाठी परत येतो. शेवटी नक्कल तयार होते. सूचनाफलकावर तशी नोंद लागते, पण लंगड त्या काळात तेथे पोचू शकत नाही, आणि मुदत संपल्यावर नक्कल नष्ट केली जाते. लेखक स्वतः उत्तर प्रदेशाच्या प्रशासकीय सेवेत होते, त्यामुळे या प्रसंगातील प्रत्येक पायरी नियमाला धरून आहे. उपहासाचे मूळ नियमभंगात नाही. नियमपालनातूनच नकार कसा घडविता येतो, हे त्याचे मूळ आहे.

लंगडला येथे मांडलेल्या तीन अटी लावून पाहता येतील. तो कचेरीवर अवलंबून नाही, निदान मनाने नाही. ज्या व्यवहाराची नक्कल हवी आहे तो त्याच्या अनुभवाचा आहे. पण त्याच्या वाचनाचा कोणताही परिणाम कोणावर होणार नाही. कारकुनाला विलंबाची किंमत मोजावी लागत नाही. तिसरी अट नसली की पहिल्या दोन अटी विनोदाचा विषय होतात. हे कादंबरीने इतक्या तटस्थपणे दाखविले आहे, की गाव लंगडला हसते तेव्हा वाचकही त्या हसण्यात नकळत सामील झालेला असतो.

मराठीत या कादंबरीशेजारी ठेवण्याजोगी कलाकृती म्हणजे विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’ (१९९१). धरणग्रस्तांच्या विस्थापनाची आणि पुनर्वसनाची ही कहाणी १९९२ च्या साहित्य अकादमी पुरस्काराने गौरविली गेली. याही कादंबरीचा लेखक महसुली प्रशासनातला. तिच्याविषयीची चर्चा बहुधा करुणेच्या आणि वास्तवदर्शनाच्या अंगाने झाली. तिच्या शीर्षकाकडे येथे लक्ष वेधावेसे वाटते. ‘झाडा’ आणि ‘झडती’ हे दोन्ही शब्द हिशेबाच्या परिभाषेतले आहेत. झाडा म्हणजे कसून घेतलेला हिशेब, आणि पेशवे दफ्तरात झडत्या ही कागदांची एक वर्गवारीच आहे. कमाविसदाराने सरकारला द्यावयाची झडती येथे विस्थापितांच्या वाट्याला येते. ज्यांनी हिशेब मागावयाचा त्यांचीच झडती घेतली जाते, हा या शीर्षकातील व्यंग्यार्थ आहे. खैरमोडे गुरुजींसारखा साक्षर आणि निःस्वार्थी माणूस या कादंबरीत आहे. फुले यांना अपेक्षित होता तसा गावचा वाचक त्याच्या रूपाने उभा राहतो. तरीही कागद बदलत नाहीत. ‘राग दरबारी’त हसू उमटते तेथे ‘झाडाझडती’त शोक उमटतो, पण दोन्हींचे निदान एकच आहे : वाचता येणे म्हणजे जाब विचारता येणे नव्हे.

येथेच सचोटीच्या अधिकाऱ्याच्या प्रतिमेची मर्यादाही स्पष्ट होते. मराठीतील प्रशासनविषयक लेखनात, विशेषतः अधिकाऱ्यांच्या आत्मपर लेखनात, हा नायक पुनःपुन्हा भेटतो. त्याचे मोल नाकारण्याचे कारण नाही. परंतु तो बदलून गेला की त्याच्यासोबत न्यायही बदलून जातो. महाराष्ट्राने २००५ मध्ये शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि कामातील विलंबाला प्रतिबंध करणारा कायदा केला, त्यामागे हीच जाणीव होती असे म्हणता येईल.

६. मोठ्याने वाचलेला कागद

लंगडची नक्कल साहित्यात मिळाली नाही. ती मिळविण्याची लढाई राजस्थानातच पुढे प्रत्यक्षात लढली गेली, हा योगायोग तौलनिक अभ्यासकाने नोंदवावा असा आहे. मजदूर किसान शक्ती संघटनेने २ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातील कोट किराना येथे पहिली जनसुनावणी घेतली. पंचायतीच्या कामांची हजेरीपटे आणि बिले गावासमोर मोठ्याने वाचली गेली. ज्यांची नावे मजूर म्हणून लागली होती ते समोरच बसलेले होते. कागदावरील काम आणि पाहिलेले काम, कागदावरील मजुरी आणि हातात पडलेली मजुरी यांचा पडताळा तेथल्या तेथे होऊ लागला.

वाङ्मयीन दृष्टीने या घटनेचे महत्त्व असे, की हजेरीपटासारखा मूकपणे दफ्तरात जाण्यासाठी लिहिलेला कागद येथे श्राव्य झाला. त्याला श्रोते मिळाले, आणि अक्षर न येणाऱ्या माणसालाही वाचक होता आले. फुले यांनी साक्षरतेची जी अट घातली होती ती सामुदायिक वाचनाने काही अंशी ओलांडली. गोगोलच्या नाटकातील चोरून उघडलेले पत्र येथे अधिकाराने उघडले जाते. कीर्तन, फड आणि चावडीवरील वाचन यांची परंपरा असलेल्या मराठी समाजाला या घटनेचे स्वरूप सहज उमजावे.

संघर्षाचा केंद्रबिंदू नक्कल हाच होता. १९९६ च्या एप्रिलमध्ये ब्यावर येथे चाळीस दिवसांचे धरणे झाले. त्या सुमारास सरकारने कागद पाहण्याची मुभा दिली, नक्कल देण्याची नव्हे. पाहणे आणि नक्कल मिळणे यांतील अंतर कचेरीला नीट ठाऊक होते. पाहिलेल्या कागदाविषयी फक्त बोलता येते, नक्कल मात्र दुसऱ्या कागदाशेजारी ठेवता येते. जयपूर येथील १९९७ च्या दीर्घ धरण्यानंतर पंचायतीच्या कागदांच्या नकलांचा मार्ग खुला झाला. २००० साली राजस्थान आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांनी माहितीच्या अधिकाराचे कायदे केले. महाराष्ट्राचा पहिला कायदा अपुरा ठरल्याने अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर त्याच्या जागी दुसरा आला. केंद्रीय कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे लागू झाला.

या कायद्याच्या काही तरतुदी ‘राग दरबारी’च्या त्या प्रसंगाशेजारी ठेवून वाचल्या पाहिजेत. अर्जदाराने माहिती कशासाठी हवी हे सांगण्याची आवश्यकता नाही. सर्वसाधारण मुदत तीस दिवसांची. साक्षांकित नक्कल हा अधिकाराचा भाग. आणि सबळ कारणावाचून विलंब झाल्यास दररोज २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंड खुद्द अधिकाऱ्यावर. तिसरी अट, म्हणजे वाचनाचा परिणाम, येथे कायद्याच्या भाषेत अवतरली. कारकुनाने नियमाच्या आधाराने नकार द्यावा आणि लंगडने नियमावर श्रद्धा ठेवून झुरावे, या नात्याची उलटापालट करण्याचा हा प्रयत्न होता. राजस्थानने पुढे २०११ मध्ये लोकसेवांच्या हमीचा आणि २०१२ मध्ये सुनावणीच्या अधिकाराचा कायदा केला, तर २०१९ मध्ये जनसूचना पोर्टल सुरू केले. महाराष्ट्रात लोकसेवा हक्काचा कायदा २०१५ मध्ये आला.

तरीही ‘अंतस्थ’ या सदराचा धडा विसरता येत नाही. अंकुश ठरलेली प्रत्येक रचना कालांतराने कचेरीच्या पोटात ओढली जाते. माहिती आयुक्तांचा कार्यकाळ आणि वेतन ठरविण्याचा अधिकार २०१९ च्या दुरुस्तीने केंद्र सरकारकडे गेला, म्हणजे पहिल्या अटीलाच धक्का लागला. २०२३ साली संमत झालेल्या व्यक्तिगत विदा संरक्षणाच्या कायद्याने माहिती अधिकाराच्या आठव्या कलमात बदल करून व्यक्तिगत माहितीच्या अपवादातील व्यापक लोकहिताची जुनी अट काढून टाकली. हजेरीपट म्हणजे नावांचीच यादी. नावे वगळून ती वाचली तर पडताळा करणार कशाचा, हा प्रश्न या बदलाने उभा केला आहे. कायद्यातील लोकहिताचे सर्वसाधारण कलम शिल्लक असले, तरी पुरावा देण्याचे ओझे आता कोणाकडे झुकेल हे पाहावे लागेल.

७. उपसंहार

चाकसूच्या चिठ्ठीपासून जनसुनावणीपर्यंतचा हा प्रवास सरळ प्रगतीचा नाही. चिठ्ठीत बाहेरचा तक्रारदार होता, पण दुसरा कागद नव्हता. मराठी दफ्तरात दुसरा कागद होता, पण बाहेरचा वाचक नव्हता. फुले यांनी त्या वाचकाची मागणी केली. ‘राग दरबारी’ आणि ‘झाडाझडती’ या कादंबऱ्यांनी परिणामाविना वाचन किती हतबल असते ते दाखविले. जनसुनावणीने या तिन्ही अटी काही काळ एकत्र आणल्या, आणि त्या एकत्र ठेवणे किती कठीण आहे याचेही प्रत्यंतर पुढील वर्षांनी दिले.

यातून साहित्यसमीक्षेपुरता निघणारा निष्कर्ष असा, की नोकरशाहीवरील साहित्याचे वाचन पात्रांच्या नीतिमत्तेवर थांबू नये. कलाकृतीत कागद कोणाच्या हातातून कोणाच्या हातात जातो, तो कोणाला वाचता येतो आणि कोणासमोर वाचला जातो, हे पाहिले पाहिजे. तसेच दफ्तरातील कागदांनाही निव्वळ माहितीचे साठे न मानता, आवाजांची मांडणी करणारी लेखनरूपे म्हणून वाचले पाहिजे. चाकसूच्या परगण्यातून हुजुरात गेलेल्या त्या अनाम पटेलाचे आणि रयतेचे म्हणणे दिवाणाच्या एका उपवाक्यात शिल्लक राहिले. ते म्हणणे खरे होते की खोटे, आमिलाने पुढे काय केले, हे प्रत्येक वेळी कळत नाही. पण तक्रार झाली होती एवढे तो कागद सांगतो, आणि ताळेबंद ते सांगत नाही.

या दोन कागदांतील फरक ओळखणे हे तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाचे काम आहे, आणि तेवढ्यापुरता तोही त्या रयतेचा दुसरा वाचक असतो.